मंदाचं सॅम्पल

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात जळगावला जाऊन आलो. खरं तर फोन आला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. "काका, तिसऱ्या सॅम्पलची वेळ झाली, काकूंना घेऊन या," असं पलीकडची मुलगी म्हणाली आणि माझ्या तोंडून नुसतं "हो" गेलं... फोनवर सांगणं जमलं नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी मी आणि मंदाने, माझ्या पत्नीने, तिथल्या दवाखान्यात फ्लूची नवीन लस घेतली होती. हा व्हायरस सारखा बदलतो, म्हणून लसही दरवर्षी बदलावी लागते. आमच्या वयाच्या लोकांमध्ये त्या लसीने अँटीबॉडी किती तयार होतात आणि किती टिकतात, याचा अभ्यास चालू होता. त्यासाठी अधूनमधून रक्त द्यायचं.

नाव मंदानेच नोंदवलं. मी सुईला घाबरतो. ती आधी बसायची, हात पुढे करायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "जन्मभर रेल्वेत नोकरी केली, आणि एवढ्याशा सुईला भिता." मग तिथल्या डॉक्टर मॅडमला विचारायची, "माझ्याच अँटीबॉडी जास्त आल्या ना यांच्यापेक्षा?" मॅडम हसायच्या. "काकू, ते आम्हाला सांगता येत नाही." दोन्ही वेळा हेच झालं.

जानेवारीत मंदा गेली. मेंदूत रक्तस्राव झाला. लसीशी त्याचा काही संबंध नव्हता, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. सकाळी चहा ठेवला होता तिने... तो मीच नंतर उतरवला.

तिची मोठी बहीण, आमच्या अक्का, सावद्याहून आखाजीसाठी आल्या होत्या. वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावाने आमच्याकडे त्या दिवशी घागर भरतात. त्यांना मी फोनचं सांगितलं आणि बोलता बोलता हेही सांगितलं, की मंदाचं रक्त तिथे फ्रीजरमध्ये जपून ठेवलेलं आहे.

अक्का जेवता जेवता थांबल्या. "तिचं रगत तठी कायले ठेवता, भाऊ? जीव अडकीन तिचा." मी समजावून बघितलं. त्यांनी ऐकलं नाही. "तिचे कपडे वाटून टाकले, अस्थी तापीत सोडल्या. मग हेच कायले मागे? घागर भराच्या आत घेऊन या. तेबी तापीत सोडू."

मी आणतो म्हणालो. मोठी बहीण आहे, तिचंही माणूस गेलंय.

भुसावळहून एसटीने गेलो. डॉक्टर मॅडमनी मला बघितलं आणि मग माझ्या मागे दाराकडे बघितलं. मंदा गेल्याचं मी सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मग अक्कांचं म्हणणं सांगितलं. मला वाटलं हसतील, पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रक्ताची नळी हातात देता येत नाही, काका. पण तुमची इच्छा नसेल तर आम्ही ती नष्ट करू. तो तुमचा हक्क आहे."

ठेवली तर काय करणार, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, व्हायरस आता परत बदललाय. लस दिली तेव्हा हा नवा प्रकार नव्हताच. आता जपलेलं सिरम, म्हणजे रक्तातलं वरचं पाणी, त्या नव्या व्हायरसबरोबर ठेवून बघायचं, की जुन्या लसीच्या अँटीबॉडी त्याला ओळखतात का. पुढची लस कशी करायची ते त्यावरून थोडंफार कळतं. "काकूंच्या वयाच्या बायका फार कमी आल्यात," एवढंच त्या शेवटी म्हणाल्या.

मंदा गेल्यानंतर आलेला व्हायरस... आणि तो अडवायला तिचं काही अजून शिल्लक आहे. माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. विचार करून कळवतो म्हणालो. मग खुर्चीवर बसून हात पुढे केला. सुई टोचताना कोणी काही बोललं नाही.

घरी आलो तर अक्का स्वयंपाकघरात दुधाला विरजण लावत होत्या. "आणलं का?" मी नाही म्हणालो आणि मॅडमनी जे सांगितलं ते जमेल तसं सांगितलं. वाद घालायची ताकद नव्हती. अक्का नष्ट करा म्हणाल्या असत्या तर तसं कळवलं असतं.

अक्का विरजणाची वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

मंदा गेल्यावर आमच्या घरचं विरजण संपलं होतं. कोण लावणार... शेजारच्या वहिनींनी सकाळीच ही वाटी आणून दिली होती. "ताईंच्याच विरजणाचं आहे. मी त्यांच्याकडूनच नेलं होतं," असं सांगून गेल्या होत्या. अर्ध्या गल्लीत मंदाचंच विरजण आहे. सावद्यालाही अक्कांनी तिच्याकडूनच नेलं होतं.

मग वाटीकडे बघून अक्का म्हणाल्या, "हे बी त तिचंच हाये." वाटीतलं दही दुधात सोडलं, झाकण ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. "मग तेबी राहू द्या तठी. लोकाइच्या कामी येईन."

आखाजीला घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. मंदाच्या नावाने काढलेल्या घासात ते दही वाढलं. दुसऱ्या दिवशी मी जळगावला फोन करून सांगितलं, सॅम्पल ठेवा.

आता कधीतरी तिची नळी आणि माझी नळी त्या नव्या व्हायरससमोर एकाच दिवशी ठेवतील. कोणाच्या अँटीबॉडी जास्त निघाल्या, ते मॅडम सांगणार नाहीत. नियमच आहे तसा.

पण मला माहीत आहे. तिच्याच.