खल्फानची पकड

खल्फान माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याला वाळूत गाडी चालवायला मी शिकवलं, त्याच्या लग्नात उंट मी कापले आणि त्याच्या दुकानात उभी राहिलेली पहिली गाडीही माझीच. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझं नाव फार वर राहणार नाही.

मी मतर. राशिद माझा थोरला, म्हणून बिदिय्या गावात मला सगळे बू राशिद, म्हणजे राशिदचा बाप, म्हणतात. शाळेत चार इयत्ता गेलो, तेवढ्या पुरल्या. बिदिय्यापासून समुद्रापर्यंतच्या वाळूत माझ्या बरोबरीनं गाडी काढणारा अजून जन्मायचाय. उभी टेकडी चढायला दुसरे तीनतीनदा मागं येतात. मी एका दमात चढतो आणि माथ्यावर गाडी अशी थांबवतो की हातातल्या पेल्यातली कॉफी हलत नाही.

खल्फान तसा नाही. गप्प माणूस. फौजेच्या गाडीखान्यात अकरा वर्षं काढून आला आणि पेट्रोल पंपाच्या मागं पत्र्याची शेड टाकली. लोक टायरला यायचे, क्लचला यायचे. पण त्याचं वेड एकच होतं. आग विझवायचा तो लाल सिलिंडर गाडीत नीट बसवायचा. वर्षाच्या तपासणीला तो लागतोच, म्हणून असतो प्रत्येकाकडे. तपासणी झाली की जातो मागं, चाऱ्याच्या पोत्याखाली. खल्फानला ते बघवत नसे. पोत्याखालचा सिलिंडर म्हणजे नुसतं वजन, असं म्हणायचा.

त्याची बसवायची रीत वेगळी होती. गाडीवाल्याला सीटवर बसवायचा, बेल्ट लावायला सांगायचा, डोळे मिटायला सांगायचा. मग म्हणायचा, "आता हात टाक." हात जिथं पडेल तिथं खडूची खूण. तळाच्या पत्र्याला भोक पाडणार नाही, कारण वाळूतल्या आपटाआपटीत पत्रा फाटतो. सीटचा पाय ज्या बोल्टनं धरलेला असतो त्याच बोल्टखाली जाड पट्टी सरकवायची आणि पट्टीवर पकड. पकड त्याची स्वतःची, लोखंडी, स्प्रिंगची. अंगठा दाबला की उघडते. बाजारातल्या प्लास्टिकच्या पकडी पहिल्या उतारावरच तुटायच्या. याची एक तुटलेली मी पाहिली नाही.

पहिली पकड माझ्या गाडीत बसली. ही जागा बू राशिदच्या हातानं ठरली, असं मी वाळूभर सांगत फिरलो. माझ्या गाडीत आहे म्हटल्यावर बाकीचे मागं राहतात होय? त्रेचाळीस गाड्या झाल्या. त्यातल्या निम्म्या तरी माझ्या बोलण्यानं.

आईचाही त्यात हात होता. सिलिंडरमधली भुकटी गाडीच्या हादऱ्यांनी तळाला बसते, तिचा दगड होतो. म्हणून महिन्यातून एकदा तो काढून, उलटा करून, चांगला झुलवायचा. हे काम आईनं घेतलं. उभ्या आयुष्यात तिनं ताकासाठी बकरीच्या कातड्याची पखाल झुलवली. आता शेडच्या दारासमोर चटई टाकून, पाय लांब करून बसायची, सिलिंडर मांडीवर घेऊन झुलवायची, मधूनच कान लावायची. टायर बदलायला आलेले लोक विचारायचे, आई, लोणी आलं का? ती म्हणायची, "आलं की तुझ्या बायकोला देईन. तू काय कामाचा?"

आता चूक सांगतो. ती एकट्या माझी नव्हती, पण पहिली माझीच. पहिलेपणात मी कधी मागं राहत नाही.

आमच्याकडे वाळूत दोन गाड्या समोरासमोर आल्या की खिडकीला खिडकी लावून थांबतात. सलाम होतो, कॉफी होते, मग खबर. एकानं खबर दिली की दुसरा ती तिथंच, तोंडावर, परत म्हणून दाखवतो आणि पुढच्या माणसाला तशीच देतो. शब्द इकडचा तिकडं नाही. खोटी खबर देणाऱ्याच्या हातची कॉफी कोणी घेत नाही, त्याला कोणी कॉफी विचारतही नाही. आणि समोरचा थांबलाय, आणि आपण थर्मास शोधत सीटखाली वाकलोय, ही तर अब्रूच जायची गोष्ट. खल्फानच्या पकडीत माझा थर्मास असा बसला की जणू त्याच्याच मापाची केली होती. डोळे मिटून हात टाकला की थर्मास. सिलिंडर गेला मागं, पोत्याखाली.

महिन्याभरात जो तो तेच करायला लागला. दुकानावर जाताना पंपाच्या वळणाअलीकडं थांबायचं, सिलिंडर पकडीत लावायचा. येताना वळण ओलांडलं की परत थर्मास. खल्फानला पत्ता नाही. आईला होता, ती माझ्या गाडीतून फिरायची. एकदा म्हणाली, मतर, हे तू त्याला सांगतोस का मी सांगू? मी म्हटलं, "आई, पाहुण्याला सिलिंडरातली भुकटी ओतून देऊ का?" ती हसली. मी हसवलं तिला.

खजुराचा हंगाम संपला. बागेतून उठून वाळूतल्या तळावर जायचे दिवस आले. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. टेकड्यांमधल्या सपाटीत गुडघाभर गवत उगवलं होतं आणि आता वाळून कोरडंठाक झालं होतं. मी पुढं, खल्फान मागून पिकअपमध्ये तंबू घेऊन. आईचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून माझ्या गाडीची मागची सीट काढली होती. चाऱ्याची पोती, त्यावर गादी, गादीवर आई पाय पसरून. सिलिंडर तिच्या खाली, पोत्यांच्या तळाशी.

गवत गाडीखाली अडकतं, तापलेल्या सायलेन्सरवर साचतं, हे मला माहीत आहे. मला काय माहीत नाही? दर थोड्या वेळानं उतरून ते ओढून काढायचं असतं. खल्फाननं दोनदा दिवे मारले, थांब म्हणून. मला वाटलं, याला लघवीला थांबायचंय. थांबलो नाही.

आधी वास आला. मी आईला म्हटलं, तुझ्या धाकट्याचा क्लच जळला बघ. मग माझ्या पायापाशी धूर. गाडी थांबवली तर मागच्या चाकांमधून ज्वाळा वर येत होत्या आणि आईच्या पायाकडच्या पोत्यानं पेट घेतला होता.

मी हात टाकला. हात बरोबर जागेवर पडला. अंगठा दाबला. पकड लगेच उघडली. हातात थर्मास आला.

मी काय केलं तेही सांगतो. झाकण काढलं आणि कॉफी ओतली आगीवर. चार पेले असतील.

आई ओरडली नाही. म्हणाली, "तो माझ्याखाली आहे," आणि दाराकडं सरकायचं सोडून पोती उपसायला लागली. वाकता येत नाही, उठता येत नाही, आणि एकेक पोतं ओढतेय माझ्यासाठी. मी मागचं दार ओढलं, हात भाजला, सोडलं. परत धरलं, परत सोडलं. माझ्याच्यानं ते दार धरवलं नाही. हे मी दुसऱ्या कोणाला म्हटलेलं नाही.

खल्फान पळत आला. त्याचा सिलिंडर त्याच्या हातात होता, पकडीतून एका क्षणात निघालेला. लहान सिलिंडर, आठ-दहा सेकंदांचा. त्यानं गाडीवर चिमूटभर भुकटी घालवली नाही. सगळा आईच्या पायांवर आणि दारावर मारला. तो संपला. मग उघड्या हातांनी दाराची कडी धरली आणि उघडेपर्यंत सोडली नाही. आईला काखेत धरून बाहेर ओढली. आम्ही वीस पावलं गेलो असू, तेवढ्यात आत काहीतरी फुटलं आणि पांढरी भुकटी छतावरून उडाली. तो माझा सिलिंडर.

इब्राच्या इस्पितळापर्यंत पिकअप मी चालवली. आईचं डोकं त्याच्या मांडीवर. तो हात वर धरून बसला होता, कुठं टेकवता येईनात. तशी मी जन्मात गाडी चालवलेली नाही, आणि सांगण्यासारखं त्यात मला काही वाटत नाही.

दोघांना आत नेल्यावर मी बाहेर आलो, तर फाटकात माझा चुलतभाऊ धियाब उभा होता, त्याच्यामागं आणखी सातआठ जण. धियाबनं सलाम केला, खबर विचारली. मी दिली. आग लागली, आई आत डॉक्टरांकडं आहे, धाकट्याचे हात भाजले. त्यानं विचारलं, तुझ्याकडं तर सिलिंडर होता, पहिला तुझाच. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "होता. पकड उघडली नाही."

धियाबनं खबर परत म्हणून दाखवली. बू राशिदच्या गाडीत सिलिंडर होता, पकड उघडली नाही. मी मान हलवली.

आत खल्फानचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. डॉक्टर म्हणाला, बोटं राहतील, उजव्या अंगठ्याचं आठवडाभर काही सांगता येत नाही. तो गेल्यावर खल्फाननं विचारलं, "उघडली नाही?"

बाहेरून कोणीतरी त्याला सांगितलं होतं. खबर ती.

मी म्हटलं, "नाही."

 वाळू गेली असेल स्प्रिंगमध्ये, तो म्हणाला. ग्रीस मी कमी लावतो, धूळ धरू नये म्हणून. चुकलंच माझं. मग म्हणाला, "आईला मी जाळलं, बू राशिद."

मी त्याच्या पायावरची चादर सारखी केली. 

"धियाबला सांग, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस काढायच्या. आजच. उद्या कोणी मरेल."

मी धियाबला सांगायला गेलोच नाही. पण दारात त्याचा मुलगा उभा होता, त्यानं ऐकलं आणि बापाला सांगितलं. पलीकडच्या खोलीत आई होती, तोंडावर नळीचा मुखवटा, छातीत धूर गेलेला. तिला बोलता येत नव्हतं. मी पाय दाबायला बसलो तर पायांना पट्ट्या. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडं पाहिलं. मी हात बाहीत घेतला.

सकाळी फजरची नमाज झाल्यावर खल्फानचे कपडे आणायला मी बिदिय्याला गेलो. शेड बंद होती. दारासमोर वाळूत पकडी पडलेल्या. मोजल्या तर सहा, नट-बोल्ट एकेकीला तारेनं बांधून नीट ठेवलेले. लोकांनी रागानं फेकल्या नव्हत्या, दुखवट्याला आल्यासारख्या ठेवल्या होत्या. आईच्या चटईशेजारी.

धियाबची गाडी तिथंच होती. तो दार उघडं टाकून, पाना घेऊन सीटखाली वाकला होता. पकडीतला थर्मास त्यानं काढून टपावर ठेवला होता.

मी त्याला म्हटलं, पाना ठेव. तो म्हणाला, खल्फानचाच निरोप आहे. मी म्हटलं, पाना ठेव आणि बस, खबर घे. मग त्याच्या टपावरचा थर्मास उचलून पकडीत बसवला, अंगठा दाबला, काढला, परत बसवला.

"माझ्या गाडीत हे होतं," मी म्हटलं. "पकड उघडली. पहिल्या दाबाला उघडली. आत कॉफी होती."

धियाबनं थर्मास पकडीतून काढून हातात घेतला. त्याचा सिलिंडर कुठं होता ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तो म्हणाला, "मग कॉफी कुठं ठेवायची?"

"मांडीवर ठेव. बायकोच्या डोक्यावर ठेव. मला विचारू नको."

तो हसला नाही. त्यानं हात पुसले आणि रीतीप्रमाणं माझ्या तोंडावर खबर परत म्हटली. बू राशिदच्या गाडीत पकडीत कॉफी होती. सिलिंडर आईच्या खाली होता. पकड उघडली. काल बू राशिद खोटं बोलला. हे शेवटचं मी दिलं नव्हतं. पण मी म्हटलं, बरोबर आहे, तसंच दे.

मग त्यानं आपल्या गाडीच्या मागं जाऊन पोती ओढली, सिलिंडर बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो उलटा करून कानाला लावला. आत काही हलेना. आईच्या चटईवर बसून मी तो झुलवायला लागलो, आणि धियाब ही खबर घेऊन इब्राला खल्फानकडं निघाला. माझ्याआधी त्यानंच जावं, असं मी त्याला सांगितलं. त्यानं कॉफी काही मला विचारली नाही.