थोडा बफर असू दे

गाडीच्या डिकीत वाळू साठते ना, तसे आमच्याकडे फिशिंगचे किस्से साठले आहेत. रविवारी व्हॅक्यूम मारून गाडी चकाचक करावी आणि बुधवारी किराणा ठेवायला डिकी उघडावी, तर मूठभर वाळू पुन्हा हजर. त्यातली थोडी आज तुमच्यासमोर झटकते.

आम्ही तिघं. ऑस्ट्रेलियात, स्कोफिल्ड्स नावाच्या उपनगरात एकाच रस्त्यावर राहतो, आणि समुद्र दीड तास लांब असल्यामुळे तिघांनाही समुद्राची फार ओढ आहे. मिलिंद प्रोजेक्ट मॅनेजर. अभय भूल देणारा डॉक्टर. आणि मी मेघना, सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेणारी. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव आधी 'फिशिंग फायनल' होतं. सध्या ते 'फिशिंग फायनल २ लेटेस्ट' आहे.

आमचं लक्ष्य एकच, ऑस्ट्रेलियन सॅमन. किनाऱ्याजवळ झुंडीने येतो, गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारतो, आणि ओढताना खांदे भरून येतात म्हणे. 'म्हणे' हे मी मिलिंदच्या वतीने लिहितेय. चार वर्षांत त्याच्या गळाला एकही लागला नव्हता.

* * *

मिलिंदने घर घेताना जेवढे प्रश्न विचारले नव्हते, तेवढे पहिला रॉड घेताना विचारले. दुकानाचा मालक केविन, साठी उलटलेला, भर थंडीतही हाफ पँटमध्ये. रॉडची लांबी, वजन, लवचीकपणा, वॉरंटी, सगळं त्याने शांतपणे सांगितलं. मागे रांग लागली होती. एक बाई गळाला लावायच्या गोठवलेल्या माशांची पिशवी हातात धरून उभी होती आणि त्या पिशवीतून एव्हाना पाणी ठिबकायला लागलं होतं.

शेवटी मिलिंदने विचारलं, की साधारण फेल्युअर रेट काय असतो?

केविनने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रॉडचा की तुझा, मेट?"

* * *

आता लीडर. लीडर म्हणजे दोरीचा शेवटचा मीटरभर तुकडा, गळाच्या अलीकडचा. तो मुख्य दोरीपेक्षा थोडा दणकट हवा, कारण खडकावर घासतो. पण फार जाड झाला तर माशाला दिसतो आणि मासा मान वळवून निघून जातो. त्याची ताकद पाउंडांत मोजतात. केविनने पंधरा सांगितलं होतं.

केविनला काय कळतं? मिलिंदने आपल्या डायनिंग टेबलवर मीटिंग लावली. चहा आणि हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून आणलेली खारी. अभय म्हणाला, मासा चार-पाच किलोच्या वर जात नाही, पंधरा खूप झालं. मी म्हटलं, खडक आहेत, वीस घेऊ या. एवढ्यावर उठलो असतो तर बरं झालं असतं. पण मिलिंद म्हणाला, "थोडा बफर असू दे." हे त्याचं आवडतं वाक्य. ऑफिसात चार दिवसांच्या कामाला तो दोन आठवडे लावतो आणि दर वर्षी त्याचं कौतुक होतं. विसाचे तीस झाले, दातवाला मासा आला तर म्हणून. तिसाचे चाळीस झाले, लाटा मोठ्या असल्या तर म्हणून. मग, ज्या अडचणी आपल्याला सुचलेल्याच नाहीत त्यांच्यासाठी आणखी वीस.

साठ पाउंडांचा लीडर कपडे वाळत घालायच्या तारेसारखा दिसतो. त्याची गाठ रॉडच्या कड्यांतून जाईना, प्रत्येक फेकीला खटखट आवाज यायचा. शेजारी मासे पकडणारे एक आजोबा मुद्दाम चालत आले, लीडर बोटाने वाजवून पाहिला आणि कुठली गाडी ओढायची आहे का, असं अगदी आपुलकीने विचारून गेले.

दुपारी गळ खडकात अडकला. मिलिंदने ओढ ओढ ओढलं आणि दोरी तुटली ती थेट रीलपाशी, रॉडवर दोरी गुंडाळायच्या चाकापाशी. गळ गेला, लीडर गेला, शे-दीडशे मीटर महागडी दोरी गेली. परत येताना मिलिंद गाडीत रिकामं रील मांडीवर घेऊन बसला होता. मग म्हणाला, "पण लीडर तुटला नाही हं."

* * *

अभय दुसऱ्या टोकाचा. कमीत कमी डोसमध्ये काम व्हायला पाहिजे, हे त्याचं आयुष्यभराचं तत्त्व. त्याने लावला सहा पाउंडांचा लीडर, डोक्यावरच्या केसाइतका. माशांना तो दिसायचाच नाही, त्यामुळे सगळ्यांच्या आधी अभयच्याच गळाला मासा लागायचा. रील किंचाळायचं, रॉड वाकायचा, आम्ही आपापल्या दोऱ्या गुंडाळून बघायला धावायचो, आणि आम्ही पोहोचेपर्यंत टक्. संपलं.

एका सकाळी हे लागोपाठ झालं. मी विचारलं, अरे, तू दवाखान्यात नक्की काय करतोस? अभय अजिबात ओशाळला नाही. लोंबणारं दोरीचं टोक डोळ्यांजवळ धरून तो म्हणाला, "काय बिघडलं? पेशंट स्वतःच्या पायांनी घरी गेला."

* * *

मिलिंद एकदा वर्क फ्रॉम होमच्या दिवशी बीचवरून मीटिंगला बसला. कॅमेरा बंद, माइक बंद, एका हातात रॉड. स्वतःची पाळी आली तेव्हा माइक चालू केला आणि स्टेटस सांगायला लागला. मागे लाटा फुटतायत, सीगल भांडतायत. त्याने सांगून टाकलं की घरासमोर रस्त्याचं काम चाललंय. स्कोफिल्ड्समध्ये कायमच कुठेतरी रस्त्याचं काम चालू असतं, त्यामुळे थाप तशी वाईट नव्हती.

मीटिंग संपल्यावर त्याच्या ऑस्ट्रेलियन बॉसचा फक्त एक मेसेज आला. त्यात कामाचं काही नव्हतं. मासा चमच्याला, म्हणजे धातूच्या चकचकीत खोट्या आमिषाला लागतोय, की खऱ्या आमिषाला, एवढंच विचारलं होतं.

मिलिंदला खोटं बोलणं जमत नाही, हे ध्यानात ठेवा.

* * *

पहिला सॅमन पकडला तो मी. त्यात माझं कर्तृत्व असं काही नव्हतं. त्या दिवशी मी लीडरचं रीळ घरी विसरले, म्हणून केविनच्या दुकानात थांबले आणि तो देईल ते घेतलं. पंधरा पाउंड. पहिल्या तासातच मासा लागला. अर्ध्या हातापेक्षा लांब, रुपेरी, नुसती रग. मला वाटलं खांदा निखळतोय. वाळूवर आला तेव्हा मी आनंदाने रडले, हे दोघांनीही पाहिलं आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

मिलिंद म्हणाला, जरा मला धरू दे, फोटो काढ. मी काढला. मग तो गाडीकडे गेला आणि जिमचा टीशर्ट घालून आला. पुन्हा फोटो. मग चौकड्यांचा शर्ट चढवला, टोपी उलटी. आणखी एक. पाठीमागे एकदा समुद्र, एकदा टेकडी, एकदा आकाश.

मी विचारलं, हे काय चाललंय? तेव्हा त्याने सांगितलं. त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली. वडील, अण्णा, ठाण्याला एकटे. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा आणि हवा, बीपी, जेवलास का, एवढ्यात संपायचा. एकदा फिशिंगचा विषय निघाला आणि अण्णा पहिल्यांदाच कॉल ठेवेनात. तेव्हापासून दर रविवारी पहिला प्रश्न तोच, "लागलं का काही?" आणि दर रविवारी मिलिंदला नाही म्हणावं लागायचं.

मग तीन रविवार तीन फोटो गेले. अण्णा विमा कंपनीत होते, अपघाताचे क्लेम तपासण्यात सगळी नोकरी गेली. जास्त बोलायची सवय नाही. पहिल्या फोटोला 'शाब्बास' आलं. दुसऱ्याला 'वा'. तिसऱ्याला, 'मासा तंदुरुस्त आहे.'

* * *

त्या तंदुरुस्त माशाचं पुढे काय झालं तेही सांगते. सॅमन पकडल्या पकडल्या त्याचं रक्त काढून बर्फात ठेवायचा असतो. आम्ही तो तीन शर्ट बदलेपर्यंत उन्हात धरला, आणि नंतर दीड तास डिकीत. मिलिंदची बायको केतकी माहेरची मालवणची. तिने त्रिफळं, कोकम, सगळं घालून जीव ओतून सार केलं. आम्ही सगळे 'वेगळं लागतंय' म्हणत जेवलो. अभयने तर पुन्हा वाढून घेतलं, पण तो सासरीही असाच वागतो.

मिलिंदची सात वर्षांची ईरा एक घास खाऊन थांबली. केतकीने विचारलं, कसं झालंय गं?

"इट टेस्ट्स लाइक द कार," ईरा म्हणाली.

* * *

आणि मग अण्णा आले. तीन महिन्यांसाठी. पहिल्याच दिवशी चहा पिताना म्हणाले, की आता मला प्रत्यक्ष बघायचंय.

मिलिंदची झोप उडाली. माझ्या घरी येऊन तो म्हणाला, एक मासा, फक्त एक, म्हणजे तेवढे फोटो तरी खरे ठरतील. फोटो कसे खरे ठरणार, हे टेस्टर म्हणून मी विचारणार होते, पण त्याचा चेहरा बघून चहा टाकला. त्यांच्यात बोलायला उरलेली ती एकच गोष्ट होती आणि ती माझ्या माशावर उभी होती.

दर रविवारी आम्ही जायचो. अण्णा फोल्डिंग खुर्चीत, कानटोपी, मांडीवर थर्मास. समुद्राकडे नजर. मासे नाहीत. मिलिंद कधी वाऱ्याचं कारण द्यायचा, कधी भरतीचं. अण्णा प्रत्येक कारण नीट ऐकून मान डोलवायचे. क्लेम ऐकताना अशीच डोलवत असणार.

शेवटचा रविवार राहिला. मंगळवारी विमान. शनिवारी मिलिंद मीटिंग न घेता थेट केविनकडे गेला आणि पहिल्यांदाच एकही प्रश्न न विचारता पंधराचा लीडर मागितला. केविनने स्वतः गाठ बांधून दिली. रीलचा ब्रेक, त्याला ड्रॅग म्हणतात, तोही लावून दिला. मासा जोरात पळाला की या ब्रेकमधून दोरी थोडी थोडी सुटते, म्हणून ती तुटत नाही. केविन म्हणाला, "मासा लागला की या बटणाला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी."

* * *

रविवारी सकाळी पाणी काळं दिसत होतं. सॅमनची झुंड होती. मिलिंदने फेकलं, पाच-सहा वेळा रील फिरवलं, आणि रॉड वाकला.

अभय आणि मी आपापले रॉड वाळूत टाकून धावलो. मासा पाण्याबाहेर उडाला तेव्हा मी माझा मासा विसरले, हा त्याच्या दीडपट होता. अण्णा खुर्चीतून उठले होते. कानटोपी वर सरकवून, एक पाय पाण्यात. बरोबर आलेली केतकी त्यांच्या बुटांबद्दल काहीतरी म्हणाली ते त्यांनी ऐकलं नाही.

मिलिंद सुंदर खेळला. मासा पळाला की जाऊ द्यायचा, दमला की ओढायचा. लीडर व्यवस्थित होता, गाठ व्यवस्थित होती. पंधरा मिनिटांनी मासा गुडघाभर पाण्यात आला. त्याची रुपेरी कूस आम्हाला सगळ्यांना दिसली. एक लाट आणखी, की वाळूवर.

लाट परत फिरली आणि मासा तिच्याबरोबर ओढला जायला लागला. मी मिलिंदचा डावा हात पाहिला. चार वर्षांची ओळख आहे, मला कळलं. मी ओरडले, "मिलिंद, हात काढ!" पण त्याने ड्रॅगचं बटण दोन आटे पिळून ब्रेक घट्ट केला होता. जास्त नाही, आपली थोडी खबरदारी.

टक्.

रॉड सरळ झाला. मासा क्षणभर तिथेच होता, मग नव्हता. अभय वाळूत टाकलेले रॉड उचलायला गेला. मिलिंद आमच्याकडे पाठ करून पाण्यात उभा राहिला. त्याचे खांदे बघवत नव्हते.

"अण्णा," तो वळून न बघताच म्हणाला, "ते आधीचे फोटो..."

"आहेत की. जपून ठेवलेत." अण्णा खुर्चीत बसून थर्मासचं झाकण उघडत होते. "तिन्ही शर्टांतले. ये, चहा घे."