नोकचं पाचवं वाक्य

शिलाई मशीन बिघडलं की माणसं ते उचलून मिस्त्रींकडे आणायची, आणि मिस्त्री त्याला आधी हातच लावायचे नाहीत. म्हणायचे, "चालवा." मग मान तिरकी करून ऐकत राहायचे. बॉबिनच्या डबीत धागा अडकलाय, सुई उलटी बसवलीय, की मशीनला काही झालेलं नाही, नुसतं तेल हवंय, हे त्यांना कानाने कळायचं. वय पंचेचाळीस. लग्न राहून गेलेलं. कोणी नको म्हटलं असं नव्हे, पण आधी वडिलांचं दुखणं, मग बहिणीचं उरकायचं, मग दुकान, असं करता करता वय कधी पुढे सरकलं ते त्यांनाही कळलं नाही.

एक्केचाळिसाव्या वर्षी मशीनच्या कंपनीने त्यांना थायलंडला पाठवलं. कपड्यांच्या एका नव्या कारखान्यात दोनशे मशीन बसवून द्यायची होती, सहा महिन्यांचं काम. तिथे एका लाइनीची सुपरवायझर होती नोक. नोक म्हणजे त्यांच्या भाषेत पाखरू. हे तिचं घरातलं, लाडाचं नाव. परत आल्यावर मिस्त्रींनी धीर करून घरी सांगितलं, तेव्हा आई म्हणाली होती, "मिस्त्रीला नोकच मिळायची. सुईची की पेन्सिलची?" एवढंच. पुढे विषय नाही.

देव दोन माणसांची गाठ कुठे घालील सांगता येत नाही, पण गाठ घातल्यावर मधलं अंतर सांभाळायचं काम तो त्यांच्यावरच सोडतो. मिस्त्री आणि नोक ते काम तीन वर्षं करत होते. या तीन वर्षांत भेट दोनदा झाली होती, एकदा अकरा दिवस आणि एकदा नऊ. बाकी सगळा संसार फोनवर. तिकडचं घड्याळ पुढे पळायचं, त्यामुळे तिची जेवणाची सुट्टी म्हणजे मिस्त्रींचा सकाळचा दुसरा चहा. सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली दहा मिनिटं रांगेत जायची, पाच मिनिटं "ऐकू येतंय का, आता येतंय का" यात. गुरुवारी भांडायचं नाही असा नियम होता, कारण त्या दिवशी ती अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना दवाखान्यात न्यायची. भांडण निघालंच तर ते शुक्रवारवर ढकलायचं, आणि शुक्रवारपर्यंत ते कशावरून होतं हे दोघांनाही आठवायचं नाही.

बोलायला काही नसेल तेव्हा फोन तसाच चालू ठेवायचे. ती तिच्या लाइनीवर, हे दुकानात. एकदा असंच मधेच मिस्त्री म्हणाले, "तुझ्या डावीकडच्या तिसऱ्या मशीनचा पट्टा सैल झालाय." तिने जाऊन पाहिलं, खरंच सैल होता. लाइनीतल्या बायकांनी तेव्हापासून मिस्त्रींना मानायला सुरुवात केली. शेजारच्या दुकानातला कटिंग मास्टर मात्र म्हणायचा, "दुसरे लोक फोनवर गोड गोड बोलतात. आमचा मिस्त्री हजारो मैलांवरून पट्टे आवळतो."

फोनमधल्या भाषांतराच्या सोयीवर दोघांचाही विश्वास उरला नव्हता. मिस्त्रींनी एकदा वैतागून "डोकं खाऊ नकोस" असं लिहिलं, तर तिचा काळजीचा निरोप आला, कोणाचं डोकं? तेव्हा ठरलं, एकमेकांची भाषा एकमेकांकडूनच शिकायची. त्यात वेगळीच गंमत झाली. नोक मराठी शिकली ती मिस्त्रींच्या तोंडून, म्हणून ती "मी जेवलो", "मी दमलो" असं पुरुषासारखं बोलायची. आणि मिस्त्री थाई बोलायचे ते बाईसारखं. तिकडे बाई आदराने बोलली की वाक्याच्या शेवटी "का" लावते; पुरुषाचा शब्द वेगळा असतो. मिस्त्रींनी फोनवर सहा महिने जिथे तिथे "का" लावलं, आणि पलीकडे लाइनीतल्या बायका मशीन थांबवून हसल्या.

तोच "का" नोक मराठीलाही लावायची. तो लावल्याशिवाय वडीलधाऱ्या माणसाशी बोलणं तिला उद्धटपणाचं वाटायचं. मिस्त्रींच्या कानाला त्याची इतकी सवय झाली होती की पुढे पुढे त्यांना तो ऐकूच येईनासा झाला.

यंदा नोकला पंधरा दिवसांची रजा मिळाली आणि ती प्रथमच इकडे यायची ठरली. तिच्या व्हिसासाठी इकडून एक फॉर्म भरून द्यायचा होता: पाहुणी कोणाकडे उतरणार, किती दिवस, घरमालकाची सही. घर आईच्या नावावर होतं. फॉर्म शुक्रवारपर्यंत व्हिसाच्या कचेरीत खिडकीवर पोचला नाही तर रजा वाया जाणार, आणि पुढची रजा वर्षानंतर. मिस्त्रींनी कागद भरून, सहीच्या जागी पेन्सिलची फुली करून आईपुढे ठेवला होता, त्याला बारा दिवस झाले होते.

आई म्हणाली होती, "बघू."

आईचा "बघू" म्हणजे खोल कोठी. तिच्यात गेलेली वस्तू सहसा परत दिसत नसे.

आईची नोकरी टेलिफोन खात्यात झाली होती. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून तिने लोकांचे लांबचे फोन जोडून दिले. आवाजावरून माणूस ओळखते असा तिचा दावा होता, आणि बहुतेक वेळा तो खरा ठरायचा. निवृत्त झाल्यावर मात्र तिने फोनचं नाव टाकलं होतं. नोकशी बोल म्हटलं की तिच्या हाताला नेमकं पीठ लागलेलं असायचं, किंवा तिची जपाची वेळ झालेली असायची.

सोमवारी तिच्या हाताला पीठ नव्हतं. मिस्त्री रात्री जेवायला घरी आले होते, फोन वाजला, आणि त्यांनी तो स्पीकर लावून सरळ आईच्या हातात दिला. नोकला त्यांनी चार वाक्यं शिकवून ठेवली होती, बायकांसारखी बोलायला लावून, आठवडाभर घोटून.

"नमस्कार आई का," पलीकडून आवाज आला.

"हो, आईच," आई म्हणाली. "इथे दुसरं कोण असणार?"

"मी नोक का."

"आता ते मी कसं सांगू? तूच सांग."

मिस्त्री हसू दाबत भिंतीकडे बघत उभे राहिले.

"मी बरी आहे का. तुम्ही बऱ्या आहात का."

"गुडघे सोडले तर बरी आहे. तू बरी दिसतेस, आवाजावरून."

चार वाक्यं संपली. आता फोन परत घ्यावा म्हणून मिस्त्रींनी हात पुढे केला, तर पलीकडे श्वास घेतल्याचा आवाज आला आणि नोकने पाचवं वाक्य म्हटलं. ते मिस्त्रींनी शिकवलेलं नव्हतं. कुठून शोधलं, किती वेळा म्हणून पाहिलं, देव जाणे.

"आई, मी तुमची सून का."

आईने फोन मिस्त्रींच्या हातात दिला आणि ताटं वाढायला आत गेली. जेवताना एक शब्द नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मिस्त्रींनी मनाशी हिशेब केला, चुकलं. घाई केली पोरीने. दुकानात त्या दिवशी त्यांनी एका मशीनला चुकीची सुई लावली. अशी चूक त्यांच्या हातून वीस वर्षांत झाली नव्हती. मास्टर म्हणाला, "पट्टा तुमचाच सैल झालाय, मिस्त्री."

गुरुवारी संध्याकाळी आईने चष्मा पुसला आणि म्हणाली, "तो कागद आण."

मिस्त्री उठले.

"तीन दिवस विचार करतेय," आई म्हणाली. "मी या घरात आले तेव्हा मला कोणी काही विचारलं नव्हतं. तुझ्या आजीने दारातच सांगितलं होतं, आमच्याकडे असं असतं, आमच्याकडे तसं असतं. नोकरी लागली तेव्हाही तुझे वडील म्हणाले, उद्यापासून जा. तू हा कागद आणलास तो फुली मारूनच आणलास. आणि ती पोरगी, परकी, हजारो मैलांवरची, मला विचारते, आई, मी तुमची सून का? प्रत्येक गोष्ट विचारून करते ती. मी बरी आहे का, हेसुद्धा विचारते. अशा माणसाला नाही कसं म्हणू? पेन दे."

मिस्त्रींच्या हातात पेन होतं. ते द्यायचं, एवढंच काम उरलं होतं. सही झाली असती, कागद उद्या खिडकीवर गेला असता, आणि महिन्याभरात नोक दारात उभी राहिली असती. खोटं बोलायचं नव्हतंच, फक्त गप्प बसायचं होतं. पण आईसमोर गप्प बसण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती, आणि या घडीला तेच गप्प बसणं त्यांना चोरीसारखं वाटलं.

"आई," ते म्हणाले, "ती विचारत नव्हती."

"म्हणजे?"

"त्यांच्यात बायका आदराने बोलल्या की शेवटी का लावतात. आपलं जी किंवा हो असतं ना, तसं. ती सांगत होती. मी तुमची सून आहे, असं. आदराने."

आईने चष्मा काढला. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"तीस वर्षं फोन ऐकले मी," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"म्हणजे मला कोणी विचारलंच नाही."

"नाही."

"मग तू विचार."

मिस्त्री खाली बसले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण कागद समोर धरून त्यांना शाळेतल्यासारखं वाटलं. "आई, नोक आपल्या घरी राहायला आली तर तुला चालेल का?"

"हे झालं. आता दुसरं विचार."

"दुसरं काय?"

"जे तू तीन वर्षं माझ्यापासून लपवतोयस ते. आज ती पंधरा दिवसांसाठी येणार. उद्या तू पंधरा वर्षांसाठी जाणार आहेस का?"

तर कोठीत हे होतं. मिस्त्रींना ते माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असलेल्या गोष्टीवर पांघरूण घालून दोघं तीन वर्षं त्याच्या कडेकडेने चालत होते.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "तिचे वडील आहेत तोवर ती इथे राहू शकत नाही. आणि तू आहेस तोवर मी तिथे नाही."

"म्हणजे आम्ही दोघं म्हातारे तुमच्या वाटेत बसलोय."

"वाटेत नाही गं. दोन टोकांना."

आई नाकातून हसली. "बोलायला शिकलास. तिने शिकवलं वाटतं." मग तिने कागद उचलून नीट वाचला, बारीक अक्षरातलासुद्धा. "पंधरा दिवस. तेवढे दिवस त्या माणसाकडे कोण बघणार?"

"कोणाकडे?"

"तिच्या बापाकडे. अंथरुणावर आहे ना तो?"

मिस्त्रींनी हे विचारलंच नव्हतं. तिकिटं, रजा, फॉर्म, कुठे झोपायचं, सगळं विचारलं होतं. हे राहिलं होतं. त्यांनी फोन स्पीकरवर लावला. नोक नुकतीच घरी पोचली होती. बारा दिवस मावसबहीण येऊन राहणार आहे, तिने सांगितलं. शेवटचे तीन दिवस शेजारीण दुपारी डोकावून जाईल.

"डोकावून जाईल म्हणजे?" आईने विचारलं. "कूस कोण बदलणार? पाणी कोण देणार?"

मग नोक हळूच म्हणाली, ते शेवटचे तीन दिवस मलाही झोपू देत नाहीत.

"मग बाराच लिही," आई म्हणाली.

"आई, वर्षातून एकदा..."

"बारा. परत जाताना तिचा जीव टांगणीला नको. ती इथे बसून तिकडेच बघत राहिली तर तुला ते तीन दिवस मिळून न मिळाल्यासारखेच."

मिस्त्रींना तीन दिवसांचं दुःख झालं, आणि आई बरोबर बोलतेय याचं थोडं जास्तच झालं. फॉर्मवर खाडाखोड चालत नव्हती. नवा फॉर्म सकाळी खिडकीवरच मिळायचा आणि सही तिथेच व्हायला हवी होती. तेव्हा शुक्रवारी सकाळी दुकान बंद ठेवून आई आणि मिस्त्री रांगेत उभे राहिले.

खिडकीतल्या बाईने कागदावरून नजर फिरवली. "पाहुणी तुमची कोण?"

"सून," आई म्हणाली.

"लग्न झालंय?"

"व्हायचंय."

"मग सून नाही लिहिता येत, आजी. परिचित लिहा."

आईने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी पेन तिच्यापुढे धरलं. हा निर्णय आपला नाही, एवढं त्यांना आता कळलं होतं.

"लिहा परिचित," आई म्हणाली. "सरकारला तेवढं पुरे. तिला काय सांगायचं ते मी सांगेन." तिने सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढून सही केली. बाहेर आल्यावर तिने हात पुढे केला. "फोन लाव."

"आत्ता नाही उचलणार ती. लाइन चालू असते. जेवणाच्या सुट्टीला अजून तासभर आहे."

"मग थांबते," आई म्हणाली, आणि कचेरीच्या भिंतीला लागून असलेल्या बाकावर जाऊन बसली.