हळदीच्या चालीची लेव्हल

अलिबागला कोर्टासमोरच्या गल्लीत एका वकिलांकडे मी टायपिंग करते. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, खरेदीखतं. मुंबईची माणसं बंगल्यासाठी इकडे जागा घेतात, त्यांच्या चतुःसीमा दिवसभर माझ्या बोटांखालून जातात. सकाळी रेवदंड्याहून मिनिडोर रिक्षाने येते, संध्याकाळी तशीच परत. बोटं भराभर चालतात म्हणून ही नोकरी मिळाली, आणि बहुतेक त्याच बोटांमुळे मला त्या गेमचा नाद लागला.

गेम तसा साधा आहे. स्क्रीनवर वरून चार रांगांत ठिपके पडतात. ठिपका खालच्या रेघेला टेकला की बरोबर त्या क्षणी त्या रांगेचं बटण दाबायचं. ठिपके गाण्याच्या ठेक्यावर पडतात, त्यामुळे कान आणि बोट एक झालं तरच जमतं. एक गाणं आणि त्याच्यावर बसवलेले ठिपके, म्हणजे एक लेव्हल. गेम बनवणाऱ्यांनी दिलेल्या लेव्हल थोड्याच. बाकीच्या खेळणाऱ्यांनी हौसेने बनवलेल्या. कोणीही बनवावी आणि साइटवर टाकावी. मात्र मुख्य यादीत जायचं तर रिव्ह्यूअर म्हणून नेमलेल्या खेळणाऱ्यांपैकी दोघांची हिरवी खूण लागते. ती मिळाली नाही की लेव्हल ढिगात पडून राहते, आणि ढिगात कोणी हात घालत नाही. मला तेव्हा वाटायचं, चांगलं केलं की कोणीतरी बघेलच.

माझे बाबा बोटीवर जायचे, पण गावात त्यांची ओळख बँजोवाला हीच. हळदीला आमच्याकडे बँजो पार्टी लागते, आणि आसपासच्या चार गावांत बाबांशिवाय हळद रंगायची नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात सुधारला नाही. बँजोच्या पट्ट्या डाव्या हातानेच दाबायच्या असतात. पार्टीवाल्यांनी दोन महिने वाट पाहिली आणि दुसरा माणूस घेतला. बाबांनी बँजो जुन्या लुंगीत गुंडाळून कपाटावर ठेवला.

माझ्याकडे त्यांचं एकच रेकॉर्डिंग होतं, मावसबहिणीच्या हळदीत फोनवर घेतलेलं. साडेपाच मिनिटांचं. त्याचीच लेव्हल करायची मी ठरवलं. सॉफ्टवेअर आपल्याला ठेक्याचा वेग विचारतं आणि त्याप्रमाणे सारख्या अंतरावर रेघा आखून देतं; आपण त्यांवर ठिपके ठेवायचे. बाबांचं वाजवणं त्या रेघांवर बसेना. पहिली चाळीस सेकंदं नुसता बँजो, अगदी संथ. मग ताशा येतो. मग नाचणाऱ्या बायका जशा तापत जातात तसा वेग वाढतो, शेवटी जवळजवळ दुप्पट होतो. मी रेघा पुसल्या आणि एकेक ठिपका कानाने ठेवायला घेतला. जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी, असे चार महिने गेले.

एका रविवारी सकाळी मी घरात इयरफोन न लावताच लॅपटॉप घेऊन बसले होते. आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. बाबा खुर्चीवर होते. आवाज ऐकून ते वळले.

"काय गो, माझा बँजो काय तो?"

"तुमचाच. ऐका आणि चुकलं तर सांगा."

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि बोटांनी ठेका धरला. दीड मिनिट झालं असेल. त्यांचं बोट थांबलं.

"हितं तू ठिपका टाकलायस. हितं मी वाजवला न्हाय."

"पण ठेका येतो ना बाबा तिथे."

"येतो, पन मी वाजवला न्हाय. नवरीची आत्या नाचता नाचता पडली, तवा मी थांबलो. ती उठली, मंग परत धरला. बायका हसतात बघ मागं."

मी आवाज वाढवला. खरंच, मागे बायका हसत होत्या. चार महिने मी तो तुकडा शेकडो वेळा ऐकला होता आणि मला ते हसू गोंगाट वाटलं होतं. मी ठिपका काढला. जेवणापर्यंत त्यांनी अकरा जागा दाखवल्या. पुढच्या रविवारी ते स्वतःहूनच म्हणाले, "आज न्हाय काय बसायचा?" आजारपणानंतर त्यांनी आपणहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

लेव्हल टाकली. दीड महिना काही झालं नाही. मग एका रिव्ह्यूअरचा इंग्रजीतला एका ओळीचा शेरा आला, की ठेक्याचा वेग स्थिर नाही, दुरुस्त करून पुन्हा टाका. शेऱ्याखाली, रिव्ह्यूअरने लेव्हल किती वेळ खेळली ते साइट आपोआप दाखवते. एकवीस सेकंदं. ताशासुद्धा त्याने ऐकला नव्हता.

मी सभ्यपणे लिहिलं, हे प्रत्यक्ष समारंभातलं वाजवणं आहे, वेग मुद्दाम वाढत जातो, कृपया पूर्ण खेळून बघा. उत्तर आलं नाही. मग मी चर्चेच्या पानावर विचारलं की अशा लेव्हल पूर्ण न खेळता बाजूला का टाकल्या जातात. एकाने लिहिलं, नियम वाचा. एकाने हसरा चेहरा टाकला. त्या चेहऱ्याला पुढे पंधरा जणांनी पसंती दिली.

तेवढ्यात नागपूरच्या एका जुन्या रिव्ह्यूअरने मला वेगळा निरोप पाठवला. "ताई, भांडून काही होणार नाही. माणसं कमी आहेत हो. तुम्हीच रिव्ह्यूअर व्हा ना. मी नाव सुचवतो." मला तो देवमाणूस वाटला. आत गेले की आपण हे बदलू, असंही वाटलं. परीक्षा म्हणून दहा लेव्हल तपासून दाखवाव्या लागल्या आणि महिन्याभरात माझ्या नावापुढे ते चिन्ह आलं.

पहिला आठवडा मी प्रत्येक लेव्हल शेवटपर्यंत खेळले. प्रत्येकाला चार-पाच ओळी लिहिल्या. दिवसाला तीन व्हायच्या, आणि ढिगात रोज त्याच्या कितीतरी पट येऊन पडायच्या. दुसऱ्या आठवड्यात मी नावं बघून उघडायला लागले. ओळखीचं गाणं असलं की आधी ते, कारण ते पटकन तपासून होतं. ओळखीचा माणूस असला की आधी तो, कारण त्याचं काम स्वच्छ असणार हे माहीत असतं. सर्वांत नवीन वर दिसतं, म्हणून तेच उघडलं जातं, आणि जुनं रोज एकेक पायरी खाली जातं. कोणी मुद्दाम कोणाला डावलत नव्हतं, हे मला आत गेल्यावर कळलं. मुद्दाम डावललं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

खरी गोम आणखी पुढे होती. मी एकदा एका पोराची जरा कच्ची लेव्हल उत्साहाने मंजूर केली. दोनच दिवसांत चर्चेच्या पानावर माझं नाव घेऊन लोकांनी चेष्टा केली, हिला कान आहेत का म्हणून. मंजुरीखाली रिव्ह्यूअरचं नाव कायमचं राहतं. पण आपण न उघडलेल्या लेव्हलखाली आपलं नाव कुठेच येत नाही. चुकीची खूण दिली तर सगळे विचारतात. बघितलंच नाही तर कोणी विचारत नाही. त्या दिवसापासून मी सावध झाले. सावध म्हणजे काय, तर अनोळखी आवाज आला की खिडकी बंद.

स्वतःची लेव्हल स्वतः तपासता येत नाही. मी नागपूरच्या त्या गृहस्थांना म्हटलं, माझी एक पडून आहे, जरा बघाल का. "बघतो की, ताई," म्हणाले. त्याच सुमारास त्यांची एका सिनेमाच्या गाण्याची लेव्हल आली होती. शेवटचं कडवं घाईत उरकलं होतं हे मला दिसलं. मी हिरवी खूण दिली. संध्याकाळी माझ्या लेव्हलवर त्यांची खूण आली, आणि पाठोपाठ त्यांच्या मित्राची. मी खाली खेळल्याची वेळ बघितली. दोघांचीही शून्य सेकंदं.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही खेळलात का?"

"ताई, हिरवं झालं ना? आता कशाला?"

मीही तेच केलं होतं, फक्त थोडी जास्त सेकंदं घालवून.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं की पास झाली.

"कोनी केली पास?"

"मोठ्या रिव्ह्यूअरांनी. दोघांनी."

"मंग काय म्हनले?"

मी चपला काढत होते. वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले, "विचारत होते, वाजवणारा कोण आहे. इतका साफ हात खूप दिवसांनी ऐकला म्हणाले."

बाबा आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलास काय?" दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत नाक्यावर गेले आणि बँजो पार्टीतल्या जुन्या मंडळींना त्यांनी ते शब्द जसेच्या तसे सांगितले. शब्द माझे होते. लेव्हल पहिल्या पानावर एक दिवस होती. बहुतेकांनी ताशा यायच्या आधीच सोडली आणि खाली लिहिलं, झोप आली.

हे सगळं इथेच संपलं असतं तर मी स्वतःला बिचारी म्हणवून घेतलं असतं. पण काही आठवड्यांनी मला एक लांब निरोप आला, मराठीत. लिहिणारा मूळचा मुरूडकडचा, कुवेतला नोकरी करणारा. त्याच्या अम्मीने घरच्या शादीत गायलेल्या गाण्याची लेव्हल त्याने केली होती आणि मी ती परत पाठवली होती. मला आठवतही नव्हतं.

त्याने लिहिलं होतं: "ताई, नावावरून तुम्ही आपल्याच बाजूच्या वाटता, म्हणून लिहितोय. तुमचा शेरा आला, ठेक्याचा वेग स्थिर नाही. बरोबर आहे, बायका टाळ्या वाजवून गातात, वेग हलणारच. पण तुम्ही चौदा सेकंदं ऐकलंत. आधी नुसत्या टाळ्या आहेत. अम्मी तिसाव्या सेकंदाला गायला लागते. ती आता राहिली नाही. मेहेरबानी करून एकदा तिच्यापर्यंत तरी जा."

मी शेरा उघडून बघितला. मला आलेली ओळच मी त्याला पाठवली होती. शब्द न शब्द तोच. कधी उचलली, कधी बोटांत बसली, मला सांगता येणार नाही. खरेदीखतातली ठरलेली वाक्यं जशी न वाचता टाइप होतात तशी ती झाली होती.

त्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कानाला इयरफोन लावून मी ती लेव्हल शेवटपर्यंत खेळायला बसले. शोधली तर सापडेना. त्याने ती काढून घेतली होती. निरोपाची तारीख बघितली; तो येऊन नऊ दिवस झाले होते. माझ्या निरोपांचाही ढीग झाला होता आणि मी वरचे तेवढेच वाचत होते.

मी त्याला माफी मागणारं लिहिलं. लेव्हल परत टाका, मी पूर्ण खेळेन, दुसरी खूण मिळवायचीही खटपट करेन. दोन दिवसांनी उत्तर आलं.

"राहू द्या ताई. खूण नको होती. कोणीतरी ऐकावी एवढंच होतं. आता घरात वाजवतो, बायको-पोरं ऐकतात."

मी पुन्हा लिहिलं, मग मला नुसती फाइल पाठवा, मी ऐकते. ते त्याने वाचल्याची खूण दिसली. फाइल आली नाही, आणि का पाठवावी त्याने? त्या बाईचा आवाज कसा होता ते मला माहीत नाही आणि आता कळणारही नाही.

महिन्याभराने मी रिव्ह्यूअरपद सोडलं. राजीनामा म्हणून बरंच काही लिहिलं होतं, चुकतंय कुठे, काय करता येईल, निदान न उघडलेल्या लेव्हलची नोंद तरी ठेवा. त्यावर आभाराचं ठरावीक उत्तर आलं. माझ्या जागी आलेल्या मुलीचं स्वागत त्याच पानावर झालं. तिने लिहिलं होतं, मी प्रत्येक लेव्हल पूर्ण खेळेन. खाली लोकांनी बदाम टाकले होते.

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. दोनदा लिहून पुसलं. मग वकिलांनी हाक मारली, बाहेर पक्षकार येऊन बसले होते, आणि मी पुढचा करारनामा टाइप करायला घेतला.