अकरा शुक्रवार आणि तालमीचा कट्टा

लेक गोवरातून उठली तर अकरा शुक्रवार अनवाणी अंबाबाईला जाईन, असा नवस मी एकदा बोलले होते. लेक उठली. पायाला खडे टोचतील एवढं मी धरूनच चालले होते. पण वाटेत तालमीचा कट्टा आहे, हे नवस बोलताना कुणाच्या ध्यानात राहतं? महाराज नुकतेच गादीवर आलेले, गल्लोगल्ली नव्या तालमी उभ्या राहत होत्या. तालीम आली की कट्टा आला, आणि कट्टा आला की किस्से जमतच जातात.

आम्ही तिघी जायचो. मी, शेजारची तानूमावशी आणि तिची सून सखू. सखूची दोन बाळंतपणं वाया गेली होती. तिसरं पोटात होतं, त्याच्यासाठी तिचा नवस. एक शुक्रवार चुकला की पुन्हा पहिल्यापासून!

*

पहिल्याच शुक्रवारी कट्ट्यावरून शेरे आले. घरी सांगितलं, तर आमचे हे म्हणाले, "खाली मान घालून जावा की!"

पुढच्या खेपेला तशाच गेलो. तानूमावशी थेट उभ्या टांग्याच्या घोड्यावर आदळली. कट्टा पोट धरून हसला. मावशी म्हणाली, "मान वर केली तर उद्धट, खाली घातली तर ही गत! आता मान ठेवू तरी कुठं?"

*

मग गल्लीतल्या एका शहाण्यानं सुचवलं, "उजाडायच्या आत जावा."

गेलो. दोन शुक्रवार वाट मोकळी मिळाली. तिसऱ्याला बघतो तर कट्टा भरलेला! मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "माझा थोरला म्हशीची धार काढायला कधी एवढ्या पहाटं उठला न्हाय गं!"

*

तालमीचे वस्ताद मात्र सज्जन. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी आमच्या रक्षणाला डझनभर पैलवान रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे केले. नुकतेच आखाड्यातून आलेले, अंगभर तांबडी माती, वर लंगोट!

"भिऊ नगा आक्का, आमी हाय!"

आम्ही लांबच्या वाटेनं गेलो.

*

शेवटी हे म्हणाले, "मीच येतो संगती." आले. वीस पावलं पुढं, मागं वळून बघायचं नाव नाही. देवळाच्या दारात पोचल्यावर मिशीवर हात फिरवून म्हणाले, "बघितलंस? कोण एक शब्द बोललं न्हाय."

"तुम्हांला रामराम घालून झाल्यावर आम्हांला बोलले," मी म्हटलं.

*

आठव्या शुक्रवारी सखू उंबऱ्यातच बसली. आदल्या खेपेला कुणीतरी तिच्या पोटाकडं बघून महिने मोजून दाखवले होते. "मी न्हाय येत काकी. चुकू दे शुक्रवार." मला चालवेना. पायांचं काही नव्हतं, जीवच दमला होता.

दुपारी ह्यांना वाढताना विचारलं, "कट्ट्यावर कोण असं बोललं की तुम्ही काय करता?"

"मी कशाला बोलू? मी गप असतो."

"आणि बाकीचे हसले की?"

ह्यांनी ताटात बघितलं. "हसतो."

"आमचे इतके उपास, तुम्ही एक धरा. कट्ट्याचा. बाया जायच्या वेळी तिथं बसायचं नाही, हसायचं नाही, आणि कोण बोललं तर त्याला गप करायचं. आई अंबाबाईच्या नावानं."

ह्यांनी तांब्या उचलला. मग विचारलं, "पाणी चालतंय?"

"चालतं."

हात धुऊन हे तडक कट्ट्यावर गेले आणि उपास जाहीर केला. कुणीतरी हसायला लागला, तर म्हणाले, "गप बस. परवा सखूला बोलला तो तूच न्हवं?" तो गप झाला. बाकीचे एकमेकांकडं बघायला लागले. आईच्या नावाचा उपास मोडायचा कुणी? एकेक उठला. कट्ट्यावर एक कुत्रं तेवढं राहिलं!

दिवस मावळायच्या आत सखूला घेऊन आम्ही दर्शन करून आलो.

अकरा शुक्रवार पुरे झाले. पुरण शिजत होतं, सखू ओटीचं सामान घेऊन आली होती. हे पाटावर बसत म्हणाले, "तुमचं झालं. आता माझ्या उपासाचं उद्यापन कधी?"

मी काही बोलायच्या आत सखू मान वर करून म्हणाली, "काका, ह्या उपासाला उद्यापन नसतंय."

बाई गं, तुझ्याही घरच्यांना हा उपास धरायला सांग.