जी बस आधी येईल ती

राजेगावच्या महागूला धीर कसा तो नव्हताच. चुलीवरचा भात शिजेपर्यंत तो दहादा झाकण उघडून पाही. घर अगदी सडकेवर होतं. एक बस बालाघाटला जाई, दुसरी गोंदियाला. दुखणं आलं की जी बस आधी येईल तिच्यात महागू चढे.

त्र्याऐंशी साली त्याला थंडी वाजून ताप आला. बालाघाटच्या डॉक्टरांनी हिवतापाच्या कडू गोळ्या दिल्या. संध्याकाळपर्यंत ताप उतरेना, तशी त्याची तगमग सुरू झाली. सकाळी उठून त्याने गोंदियाची बस धरली.

"आधी कुठलं औषध घेतलं का?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"नाही जी."

एका डॉक्टरपुढे दुसऱ्याचं नाव काढलं की त्यांचा अपमान होतो, अशी त्याची समजूत. तिथूनही गोळ्यांची पुडी मिळाली. लवकर बरं व्हायचं म्हणून घरी येताच त्याने दोन्ही पुड्यांतल्या गोळ्या सोबतच गिळल्या.

थोड्याच वेळात ओकाऱ्या लागल्या, कानांत घणघण सुरू झाली, समोरची बायकोही दिसेना. गोदाबाईने त्याला तसाच बालाघाटच्या बसमध्ये घातला आणि दोन्ही पुड्या डॉक्टरांच्या टेबलावर आपटल्या.

गोळ्या पाहून डॉक्टर कडाडले, "दोन्हींत एकच औषध आहे! अशानं जीव जातो. तिथल्या डॉक्टरांना आमचं औषध सांगितलं का नाही?"

खाटेवरून महागू पुटपुटला, "तुम्हा डॉक्टरांचा मान राखला, साहेब."

"डॉक्टरायचा मान राखला," गोदाबाई फणकारली, "अन् माह्यं कुकू पुसाले निंगालते!"