घोणशीचं विष आणि एकच टोचलेला कान

इतकी वर्षं लोटली, पण ती फिर्याद मी विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका ठाण्याचा मी इन्चार्ज होतो. सकाळची हजेरी चालू असताना नरखेडकडचा एक शेतकरी आत घुसला आणि ओरडला, "साहेब, माह्या लहान्या भावाची बायको त्याले सापाचं जहर लावून राहिली!"

लहान भाऊ हिंगण्याच्या कारखान्यात कामाला होता. दाढ काढल्यापासून त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. त्याला बघायला आलेल्या थोरल्याला दिसलं, की भावजय बर्फाच्या थर्मासात एक कुपी ठेवते आणि तिच्यातलं पाणी कापसाने नवऱ्याच्या हिरडीला लावते. कुपीवरचं इंग्रजी त्याने शेजाऱ्याकडून वाचून घेतलं. घोणशीचं विष!

आम्ही पंचांसमक्ष कुपी जप्त करून लाखेचं सील लावलं, बाईला ठाण्यात आणलं आणि नवऱ्याला सरकारी दवाखान्यात हलवलं. घोणस चावलेल्याच्या हिरड्यांतून रक्त येतं, हे मी स्वतः पाहिलं होतं. केस आयतीच हातात पडली होती.

चौकशीत बाई एकच गोष्ट सांगत राहिली. "दाताच्या डॉक्टरनं देल्लं जी. दवाई हाय. कुपी द्या, नाही तं ते मरतीन."

तो डॉक्टर नेमका सुट्टीवर परगावी गेलेला. पण मला एक गोष्ट खटकली. ठाण्यात आणलेला माणूस आधी स्वतःच्या सुटकेसाठी गयावया करतो. ही बाई फक्त कुपी मागत होती.

तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला, रक्त वाढलंय. थोरल्याला जीपमध्ये घालून मी तिकडे धावलो. खाटेवर धाकटा पांढराफटक पडला होता. त्याच्या एका कानाला भोक होतं, दुसऱ्याला नव्हतं. थोरल्याचे दोन्ही कान टोचलेले. लेकराचा एकच कान टोचून आमच्याकडे कोणी थांबत नाही.

"याचा एकच कान काहून टोचला गा?" मी विचारलं.

"लहानपणी टोचला तं रक्त थांबेचना, साहेब. लेकरू हातचं चाललं होतं. मायनं मंग दुसऱ्या कानाले हात लावू देल्ला नाही. आमचा मामाबी असाच गेला..."

"तेव्हा त्याला कोणी जहर लावलं होतं?"

थोरल्याने कपाळावर हात मारून घेतला.

रक्ततपासणीच्या डॉक्टरांना मी हे सांगताच ते उठूनच उभे राहिले. "अहो, याचं रक्त जन्मतःच गोठत नाही! साप चावला तर विष अंगभर पसरून रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं. पण त्याच विषातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, रक्त गोठवतं. अगदी पातळ करून जखमेपुरतं लावलं, तर ते औषध आहे. कुपी आणा!"

मुद्देमालाचं सील मनाला येईल तेव्हा फोडता येत नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांची परवानगी घेतली, त्याच दोन पंचांना, म्हणजे पानठेलेवाल्याला आणि सायकल दुरुस्तीवाल्याला, जीपमध्ये कोंबलं, बाईलाही सोबत घेतलं. डॉक्टरांनी रोग्याचं रक्त दोन काचनळ्यांत घेतलं आणि एकीत कुपीतला थेंब टाकला. बघता बघता त्या नळीतलं रक्त दह्यासारखं लागलं. डॉक्टरांनी नळी उलटी केली, तरी सांडेना. दुसरीतलं पाण्यासारखं हलत होतं. पानठेलेवाला मोठ्याने म्हणाला, "लिवा साहेब, जमलं!" असा पंचनामा मी पुन्हा कधी लिहिला नाही.

थोडं औषध नमुना म्हणून सीलबंद केलं, बाकीचं हिरडीला लावलं. संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. मला इतका आनंद झाला, की मी सगळ्या वॉर्डाला चहा पाजला. थोरला रडत भावजयीची माफी मागू लागला. मोठ्या दिरासमोर आजवर तोंड न उघडलेली ती बाई म्हणाली, "माफी मंग मांगा, भाऊजी. पयले बर्फ आना. दवाई खराब होईन."

आरोपीला प्रश्न तर सगळेच विचारतात. फिर्यादीलाही तितकेच विचारा, असं मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो. गैरसमजाची फिर्याद म्हणून ती केस आम्ही बंद केली. नोकरीत मी कित्येकांना शिक्षा झालेली पाहिली, त्यांचे चेहरेही आता आठवत नाहीत. पण जिच्यात कोणालाच शिक्षा झाली नाही, तीच केस मी छाती फुगवून सांगतो. कारण फिर्यादी, आरोपी आणि ज्याचा खून होतोय म्हणून बोंब उठली होती तो, तिघेही एकाच एसटीत बसून गावी गेले.